आरोग्यचर्चा : कष्टांवाचून येणारा घाम

घामाविषयी आपली भाषा मोठी उदार आहे. कष्टाने मिळविलेल्या पैशास आपण घामाचा पैसा म्हणतो. शेतकरी घाम गाळतो म्हणून आपल्या ताटात भाकरी पडते, हे मुलांना शिकवितो. ज्यांच्या शेजारी आपल्या कित्येक पिढ्या बडोद्यात नांदल्या, त्या गुजराती बांधवांच्या भाषेतही परसेव्याच्या कमाईला तोच मान आहे. परंतु हा सारा गौरव कष्टाच्या घामाचा. ऊन नाही, श्रम नाहीत, पंख्याखाली स्वस्थ बसले असता ज्याच्या अंगावरून घाम वाहतो, त्याच्या वाट्याला गौरव येत नाही, कुजबूज येते. त्यातून तो घाम काखेतला असेल, तर त्याचा उच्चारसुद्धा चारचौघांत अप्रशस्त समजला जातो. आम्ही हा विषय आज मुद्दाम घेत आहोत, त्याला एक पत्र कारण झाले आहे.

पत्र आमच्या एका वाचक भगिनीचे आहे. नावगाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यांची कन्या २३ वर्षांची असून शिक्षिका होण्याचे शिक्षण घेत आहे. फळ्यावर लिहिण्यासाठी हात वर करावा लागतो, आणि हात वर करताच ओले झालेले पोलके वर्गाला दिसते. हे पौषातल्या थंडीतही घडते. मुलगी पिशवीत दोन जादा पोलकी बाळगते, काळ्या किंवा पांढऱ्या रंगाखेरीज दुसरा रंग वापरीत नाही, आणि लहानपणापासून आवडीने गरबा खेळणारी ही मुलगी गेली तीन वर्षे नवरात्रात घराबाहेर पडलेली नाही. गेल्या महिन्यात परीक्षक समोर असताना तिने पाठ अर्ध्यावर सोडला आणि आता हे शिक्षणच सोडून देण्याची भाषा ती करते आहे. आजीने वाळ्याचे पाणी दिले, चंदनाचा लेप झाला, तुरटी झाली. आता कोणी तरी सांगितले की, काखेत इंजेक्शने घेतली म्हणजे घाम थांबतो. परंतु ते औषध म्हणजे विष आहे, असेही कानावर आले. ‘हा रोग आहे की स्वभाव? विष टोचून घ्यावे काय? आणि घाम कोंडला तर तो जाईल कोठे?’ असे तीन प्रश्न या मातेने आम्हांस विचारले आहेत. प्रश्न नेमके आहेत. उत्तरेही तशीच द्यावयास हवीत.

प्रथम घाम म्हणजे काय ते पाहू. मनुष्याच्या त्वचेत सुमारे २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. त्यांतून पाझरणारे पाणी त्वचेवरून उडून जाते आणि जाताना अंगातील उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाने आपला देह थंड राहतो. या ग्रंथींना हुकूम देतात ते मज्जातंतू. तंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सुटते, ते ग्रंथीला जाऊन भिडते आणि ग्रंथी पाझरू लागते. ज्यांना अतिघामाची व्याधी असते, त्यांच्या ग्रंथी संख्येने अधिक नसतात, आकारानेही मोठ्या नसतात. त्यांना मिळणारा हुकूम मात्र गरजेहून कितीतरी मोठा असतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. असा घाम म्हणजे अस्वच्छता नव्हे. या ग्रंथींचा घाम जवळजवळ नुसते खारट पाणी असतो. त्याला स्वतःचा वास नसतो. काखेत वयात आल्यावर जाग्या होणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी असतात. त्यांच्या स्रावावर त्वचेवरील जंतूंची क्रिया झाली म्हणजे दर्प निर्माण होतो. म्हणून ‘नीट आंघोळ करीत जा’ हा उपदेश, जी मुलगी दिवसातून तीनदा आंघोळ करते तिला, केवळ निरुपयोगी नव्हे तर क्रूर आहे.

आता पहिला प्रश्न. हा स्वभाव नव्हे. ही वैद्यकाने ओळखलेली व्याधी आहे. दुसरे कारण नसताना सहा महिन्यांहून अधिक काळ घामाचा अतिरेक होत असेल आणि पुढील खुणांपैकी निदान दोन जुळत असतील, तर डॉक्टर हे निदान करतात : घाम दोन्ही बाजूंना सारखा येतो, आठवड्यातून एकदा तरी हा प्रकार घडतो, रोजच्या कामांत त्याने अडथळा येतो, २५ वर्षांच्या आत त्याची सुरुवात झालेली असते, घरात आणखी कोणाला तो त्रास असतो, आणि झोपेत तो थांबतो. पत्रातील कन्येच्या बाबतीत यांपैकी काही खुणा वाचतानाच ध्यानात येतात. निदान मात्र तपासूनच व्हावे.

याउलट काही खुणा सावध करणाऱ्या आहेत. घाम सर्वांगाला येत असेल, रात्री झोपेत अंथरूण भिजत असेल, उतारवयात तो एकाएकी सुरू झाला असेल, सोबत ताप, वजनातील घट किंवा छातीची धडधड असेल, तर कारण अन्यत्र शोधावे लागते. कंठग्रंथीचा, म्हणजे थायरॉइडचा, अतिरेक, क्षय, मधुमेहाच्या औषधाने रक्तातील साखर उतरणे, स्त्रियांची पाळी जाण्याचा काळ, काही मानसिक विकारांवरील गोळ्या, अशी कितीतरी कारणे त्यामागे असू शकतात. तेथे काखेवर उपचार करणे म्हणजे गळते छप्पर सोडून जमीन पुसत बसणे होय.

ही व्याधी विरळा आहे असेही नाही. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शेकडा २.८ लोकांना अतिघामाचा त्रास आढळला आणि त्यांतील निम्म्यांना तो काखेत होता. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली : या त्रासाविषयी डॉक्टरांशी बोललेले लोक शेकडा अवघे ३८ होते. मोकळेपणाने बोलण्याची ख्याती असलेल्या देशात ही स्थिती, तर आपल्या माजघरात काय असेल, त्याचा अंदाज वाचकांनीच करावा.

उपचारांची एक पायरी-पायरीची चढण आहे आणि इंजेक्शन ही तिची पहिली पायरी नव्हे. पहिली पायरी आजीबाईंच्या हातात होतीच. तुरटी हा ॲल्युमिनियमचाच क्षार आहे. डॉक्टर देतात तो ॲल्युमिनियम क्लोराइडचा द्रव त्याच कुळातला, पण अधिक प्रभावी. तो घर्मनलिकेच्या तोंडाशी बूच बसवितो. साधारणतः २० टक्क्यांच्या प्रमाणात तो मिळतो आणि त्याच्या वापराची रीत महत्त्वाची आहे. रात्री झोपताना, काख पूर्ण कोरडी करून तो लावावा, सकाळी धुऊन टाकावा. ओल्या त्वचेवर किंवा नुकतेच केस काढलेल्या जागी लावल्यास आग होते. पुष्कळजण सकाळी आंघोळीनंतर घाईघाईने लावतात, आग झाली म्हणून चार दिवसांत सोडतात आणि ‘गुण आला नाही’ म्हणतात. रीतीने, काही आठवडे, आधी रोज आणि मग आठवड्यातून एकदोनदा लावला, तर पुष्कळांचे काम येथेच भागते.

त्याने न भागल्यास काखेत लावावयाची दुसरी औषधे आहेत. ग्लायकोपायरोनियमने भिजविलेल्या फडक्यास अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. पोटात घेण्याच्या गोळ्याही आहेत. पण त्या साऱ्या अंगाचा घाम आटवितात, तोंडाला कोरड पाडतात, बद्धकोष्ठ करतात, आणि आपल्याकडच्या वैशाखात उष्माघाताचा धोका वाढवितात. त्या डॉक्टरांच्या देखरेखीवाचून घेऊ नयेत. या सर्वांनी काम भागले नाही म्हणजे मग इंजेक्शनाचा विचार.

आता ‘विषा’कडे वळू. ते विष आहे, ही ऐकीव गोष्ट खरीच आहे आणि लपविण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील व्युर्टेंबर्ग प्रांतात मांसाच्या कुलप्या खाऊन लोक मरत. युस्टिनुस केर्नर नावाचे डॉक्टर, जे कवी म्हणूनही प्रसिद्ध होते, त्यांनी १८२० आणि १८२२ साली या विषबाधेची बारकाईने वर्णने लिहिली. रोग्यांचे स्नायू लुळे पडतात, तसेच तोंड, डोळे आणि त्वचा कोरडी पडते, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. आणि हेच विष अत्यल्प मात्रेत औषध होऊ शकेल, असा तर्कही त्यांनी केला. पुढे १८९५ साली बेल्जियममध्ये एका अंत्यविधीस आलेल्या वादकांना खारवलेले मांस बाधले, तिघे दगावले, आणि त्या मांसातून एमिल फान एरमेंगेम यांनी विष तयार करणारा जंतू शोधून काढला. कुलपीला लॅटिनमध्ये ‘बॉट्युलस’ म्हणतात. त्यावरून या विषाचे नाव बॉट्युलिनम.

केर्नर यांचा तर्क खरा ठरावयास दीडशेहून अधिक वर्षे लागली. सॅन फ्रॅन्सिस्कोचे नेत्रवैद्य ॲलन स्कॉट यांनी डोळ्यांच्या तिरळेपणावर हे द्रव्य टोचून १९८० साली आपले अनुभव प्रसिद्ध केले आणि १९८९ साली अमेरिकन सरकारच्या औषधखात्याने त्यास मान्यता दिली. घामाचा शोध मात्र ओघात लागला. चेहऱ्याचे स्नायू एका बाजूस फडफडणाऱ्या रोग्यांना हे इंजेक्शन दिले असता त्या जागची त्वचा कोरडी राहते, असे ब्रिटनमधील बुशारा आणि पार्क यांनी १९९४ साली नोंदविले. तेथून काखेपर्यंतचा मार्ग सरळ होता. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ३२० रोग्यांवरील एका युरोपीय चाचणीत, चार आठवड्यांनंतर घाम निम्म्याहून कमी झालेले रोगी शेकडा ९४ भरले. ज्यांना औषधाच्या नावाने नुसते पाणी टोचले होते, त्यांच्यात हे प्रमाण ३६ होते. दुसऱ्या आकड्यावरून मनाचा वाटा किती असतो ते कळते आणि पहिल्यावरून औषधाचा. २००४ साली अमेरिकेत, लावण्याच्या औषधांनी न आवरणाऱ्या तीव्र काखघामासाठी, त्यास मान्यता मिळाली.

उपचाराची रीत वाचकांस ठाऊक असावी. काखेतील केस काढून त्वचा कोरडी करतात. तीवर आयोडीनचा द्रव लावून वाळू देतात आणि वरून पिष्टाची भुकटी भुरभुरतात. जेथे घाम सुटतो तेथे भुकटी काळीनिळी होते. ही युक्ती मिनोर यांनी १९२८ साली सांगितलेली आहे. त्या काळ्या जागेवर एक ते दोन सेंटिमीटरांच्या अंतराने १० ते १५ खुणा करून, अगदी बारीक सुईने, त्वचेच्या जाडीतच थेंब थेंब औषध सोडतात. एका काखेस ५० युनिट, दोन्हींस मिळून १००. बधिर करणारे मलम किंवा बर्फ लावल्यास टोचणे सोसवते. भूल नाही, टाके नाहीत. त्याच दिवशी घरी जाता येते. गुण बहुधा आठवड्याच्या आत दिसू लागतो आणि साधारण सहा-सात महिने टिकतो. कोणास चार महिने, कोणास त्याहून पुष्कळ अधिक. मग घाम पुन्हा येऊ लागतो आणि इंजेक्शने पुन्हा घ्यावी लागतात. हा कायमचा इलाज नव्हे, हे आधीच समजून घ्यावे.

विषाची भीती आता मोजून पाहू. या १०० युनिटांत विषाचे वजन काही अब्जांश ग्रॅम इतकेच असते. ते जेथे टोचले तेथल्या तंतूंच्या टोकांशी ॲसिटिलकोलीन सुटू देत नाही. हुकूमच निघत नाही, म्हणून ग्रंथी स्वस्थ राहते. ग्रंथी मरत नाही, तंतूही मरत नाही. कालांतराने तंतूचे काम पूर्ववत सुरू होते. मात्रेने विष औषध होते आणि औषध विष, हे आपल्या परंपरेला नवे नाही. बचनागाची शुद्धी करून वापर करणारे वैद्य आपल्याच देशात होऊन गेले.

तिसरा प्रश्न घाम कोंडण्याचा. आयुर्वेदाने स्वेदाला मळांत गणले आहे. त्यामुळे तो अडवू नये, ही समजूत आपल्यात खोल रुजलेली आहे आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु येथे तयार झालेला घाम कोंडला जात नाही. तो त्या जागी तयारच होत नाही. साऱ्या अंगावरील लक्षावधी ग्रंथींच्या मानाने काखेतल्या ग्रंथी फार थोड्या आहेत. त्या विसावल्या तरी देह थंड ठेवण्याचे काम पाठ, छाती, कपाळ पार पाडतात. रक्तातील टाकाऊ द्रव्ये बाहेर काढण्याचे मुख्य काम तर मूत्रपिंडांचे आणि यकृताचे आहे. काहींना इतरत्र थोडा अधिक घाम आल्याचे जाणवते. ते बहुधा सोसण्याजोगे असते.

तरीही सावधगिरी हवी. गर्भारपणी आणि अंगावर पाजत असताना हे इंजेक्शन टाळतात. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंच्या दुर्बलतेचा विकार असणाऱ्यांनी, किंवा काखेत गळू वा जंतुदोष असताना, ते घेऊ नये. काही प्रतिजैविकांबरोबर त्याचा जोर वाढतो, म्हणून चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगावीत. टोचल्या जागी दुखणे, किंचित काळेनिळे होणे, हे किरकोळ. परंतु पुढे काही दिवस वा आठवड्यांत गिळण्यास, बोलण्यास किंवा श्वासास त्रास वाटला, तर तो क्वचितच होत असला तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. निरनिराळ्या कंपन्यांच्या औषधांची युनिटे एकमेकांशी जुळत नाहीत. एकाचे ५० म्हणजे दुसऱ्याचे ५० नव्हे. म्हणून हे काम त्वचारोगतज्ज्ञाचे आहे. सौंदर्यगृहातील सवलतीचे नव्हे. औषध शीतपेटीत ठेवावे लागते. कुपीचे नाव व मुदत वाचून, ती आपल्यासमोर फोडावयास सांगण्यात कोणताही अपमान नाही.

या पलीकडच्याही पायऱ्या आहेत. सूक्ष्मलहरींनी काखेतील ग्रंथी नष्ट करणाऱ्या यंत्रास अमेरिकेत २०११ साली परवानगी मिळाली. छातीतील अनुकंपी तंतू छेदण्याची शस्त्रक्रियाही होते. पण तिच्यानंतर पाठीस, पोटास, मांड्यांस घामाचा लोट सुरू झालेले रोगी पुष्कळ असतात आणि छेदलेला तंतू पूर्ववत होत नाही. केवळ काखेच्या घामासाठी त्या वाटेस जाण्यापूर्वी दहादा विचार करावा.

आता राहिला तो पत्रात ओझरता आलेला भाग : खर्च आणि लग्न. खर्च मध्यमवर्गीय संसारास चांगलाच जाणवणारा आहे आणि तो वर्षातून एकदोनदा येणारा आहे. आमचे मत स्पष्ट आहे : पहिल्या पायऱ्या नीट चढल्यावाचून, किंवा कर्ज काढून, हा उपचार करू नये. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांच्या त्वचाविभागात आधी तपासून घ्यावे, एकूण आकडा औषधासह विचारावा. परंतु पहिले उपाय थकले असतील, तर मुलीच्या शिक्षणावर केलेला हा खर्च चैनीचा मानू नये. जिचे वर्षभराचे शुल्क आपण भरतो, तिला फळ्यावर हात उचलता यावा म्हणून पैसे खर्चणे हा त्याच शिक्षणाचा भाग आहे. परीक्षेच्या पाठांपूर्वी महिनाभर आधी तो घेतला, तर त्या दिवसांत गुण पूर्ण उतरलेला असेल.

लग्नाविषयी मातेने लिहिले आहे की, ‘दाखविण्यापुरता घाम थांबला तरी पुरे’. येथे आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. केवळ पाहण्याच्या कार्यक्रमासाठी व्याधी झाकणे म्हणजे मुलीच्या डोक्यावर नवे गुपित ठेवणे. लग्नानंतर गर्भारपणी उपचार थांबवावाच लागणार आणि ते गुपित तेव्हा तिला एकटीलाच वाहावे लागणार. जे स्थळ चष्म्याचा नंबर ऐकून घेते, त्याने हेही ऐकून घ्यावे. न ऐकणारे स्थळ आधीच कळले, तर तोटा कोणाचा? आणि इंजेक्शन घ्यावे की न घ्यावे, याचा शेवटचा शब्द त्या २३ वर्षांच्या मुलीचा असावा. सुई तिच्या अंगात जाणार आहे. आईच्या नव्हे, भावी सासूच्याही नव्हे.

मुलग्यांविषयीही दोन शब्द. कार्यालयात कोट न काढणारा, बसमध्ये वरचा दांडा न धरता उभा राहणारा तरुण आपल्या घरात असू शकतो. मुलीचे दुःख आई निदान पत्रात तरी लिहिते. मुलग्याचे बहुधा कोणी लिहीत नाही आणि तो स्वतःही बोलत नाही.

तात्पर्य, घरात कोणी वारंवार कपडे बदलत असेल, ठराविकच रंग वापरीत असेल, समारंभ टाळीत असेल, तर हसू नये, सर्वांसमक्ष विचारूही नये. एकांतात विचारावे, केव्हापासून, कोठे, झोपेत येतो की नाही, एवढे टिपून घ्यावे आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. ॲल्युमिनियम क्लोराइडची एक बाटली रीतीने वापरून ज्यांचे भागले, त्यांनी आपला अनुभव आम्हांस कळवावा; नाव न छापण्याची हमी आम्ही देतो. पुढील अंकी तळहात आणि तळपायांच्या घामाविषयी, आणि त्यावरील नळाच्या पाण्यातून वीज खेळविण्याच्या साध्या उपचाराविषयी लिहू.